नकाशावर ठेवलेलं बोट

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणालाही, कुणी न विचारता सांगते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्याच शिक्षणाचा मी एकदा काय उपयोग केला, ते मात्र आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही. देवापुढं बसूनही नाही — तिथं मी डोळे मिटून भलतंच काहीतरी पुटपुटत बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

सोलापुरापासून सुरुवात करते. तिथूनच करावी लागेल.

आप्पा यंत्रमागावर चादरी विणायचे. दिवसभर कानाशी मागांचा खडखडाट, त्यामुळं घरी आले तरी ते ओरडूनच बोलायचे आणि आम्हीही. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. तंबाखूचा खकाणा सगळीकडं — अंथरुणात, भाकरीत, माझ्या दप्तरात. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायला मागत नसे. मीही शाळेत जायच्या आधी विड्यांना दोरा गुंडाळायची. बोटं इतकी पिवळी की पेन धरायची लाज वाटावी. अशा घरात आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, म्हणून सगळ्यांची अक्का. आई-आप्पासुद्धा अक्काच म्हणायचे. आणि माझ्यामागं कितीतरी वर्षांनी आलेली सुनंदा — आमची नंदा.

त्या घरात एकच गोष्ट जास्तीची होती. मला वाचता येत होतं.

आप्पांना सही यायची आणि दुकानावरच्या पाट्यांची मोठी अक्षरं जुळवत जुळवत वाचता यायची. आईला तेवढंही नाही. त्यामुळं घरात जे जे छापील येई ते माझ्यापुढं यायचं. औषधाची बाटली, विजेचं बिल, लग्नपत्रिका. कारखान्याच्या भिंतीवर नोटीस लागली की आप्पा मला खांद्यावर बसवून न्यायचे. माग बंद करून माणसं गोळा व्हायची आणि मी, चौथीतली पोरगी, वरून मोठ्यांदा वाचायची. वाचून झालं की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. कुणाला शंका आलीच तर आप्पा म्हणायचे, "अक्कानं वाचलंय की!" आणि विषय संपायचा.

कळतंय ना तुम्हाला? आमच्याकडं छापलेलं ते खरं, आणि मी वाचलेलं त्याहून खरं. हा असला मान मला दहाव्या वर्षी मिळाला. तो माझ्या डोक्यात गेला असेल का? गेला असणार.

आई छातीच्या दुखण्यानं गेली तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नंदा शाळेत. मी पास झाले, नोकरीची परीक्षा दिली आणि बेंगळुरूला एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात लागले. तयार होऊन आलेला भाग ड्रॉइंगबरहुकूम आहे की नाही ते मापून बघायचं, नसेल तर त्यावर लाल खूण करायची. चूक पकडायचा पगार मिळत होता मला. राजाजीनगरात एका घराच्या गच्चीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली घरमालकीण, तिला सगळे अज्जी म्हणायचे. नंदा बारावीला नापास झाली, परत बसली, परत नापास झाली, तेव्हा तिलाही मी इकडं आणलं. म्हटलं, माझ्या नजरेखाली राहील, काहीतरी होईल तिचं.

"काहीतरी होईल तिचं" — हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. केवढ्या मोठेपणानं!

नंदाला जवळच्याच एका कपडे शिवायच्या कारखान्यात काम लागलं. तिथल्या मुलींकडून ती भराभर कन्नड शिकली. मी इतकी वर्षं राहून "स्वल्प स्वल्प" म्हणत रिक्षावाल्यापुढं हात हलवायची आणि ही अज्जीच्या ओट्यावर बसून तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकायची. अज्जी एकदा मला म्हणाली, "निम्म तंगी तुंबा जाणे." तुझी धाकटी फार हुशार आहे म्हणे. मी हसले. पण जिना चढताना वाटलं — हुशार? ही? दोनदा नापास झालेली?

तिथून सुरुवात असेल का? की त्याच्याही आधी? मला नक्की सांगता येत नाही.

कारखान्यातली शोभा नावाची मुलगी नंदाला एका रविवारी रामनगरला घेऊन गेली. तिथं मोठमोठे खडक आहेत, ते चढणाऱ्यांचा एक क्लब होता. नंदा गेली, आणि मग दर रविवारी जायला लागली. घरी आली की तिची बोटं सोललेली असायची, गुडघे फुटलेले. मी हळद लावून द्यायची आणि बोलायची, "माकडासारखी चढून काय मिळतं गं तुला?" ती म्हणायची, "वर गेल्यावर वारं मिळतं, अक्का." उत्तर साधं होतं. मला का झोंबायचं ते?

एका रविवारी तिनं हट्ट करून मला नेलं. मी सुती साडी नेसून, डबा घेऊन, खाली दगडावर बसले. नंदा चढायला लागली तशी बाकीच्यांची बडबड थांबली. ती हात पुढं टाकायची, थांबायची, दगडाला गाल लावायची — मग एकदम वर. तिला काहीतरी दिसत होतं जे मला दिसत नव्हतं. ती वर पोचली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या एका मुलानं मला विचारलं, "तुम्ही नंदाची अक्का का?"

नंदाची अक्का! तोवर जगात फक्त "अक्काची नंदा" होती.

मी म्हटलं, "हो. मी बी.एस्सी. आहे."

त्यानं ते विचारलंच नव्हतं. तो "बरं बरं" म्हणाला आणि परत वर बघायला लागला.

त्याच हिवाळ्यात स्लोव्हेनिया नावाच्या देशातून एक बाई खडक चढायला रामनगरला आली. मार्या तिचं नाव. तिच्या देशात म्हणे लहानथोर सगळेच डोंगर चढतात. ती नंदाबरोबर चढली आणि जाताना क्लबमधल्या चार मुलींना उन्हाळ्यात तिकडं यायचं बोलावणं देऊन गेली. तिच्या गावी, तिच्या घरी राहायचं, आणि त्यांच्या देशातलं सगळ्यांत उंच शिखर, त्रिग्लाव, ते चढायचं. खर्चाचं क्लबनं आणि मार्यानं मिळून जमवलं. चार मुलींत पहिलं नाव नंदाचं.

नंदा धावतच जिना चढून आली. "अक्का, आता तूच. इंग्रजी मला कुठं येतं? तू सगळं बघ."

आणि मी बघितलं. हे मात्र मनापासून सांगते, मी जीव ओतून बघितलं. मार्याला पत्रं मी लिहिली. पासपोर्टच्या रांगेत नंदाबरोबर मी उभी राहिले. व्हिसासाठी दिल्लीला पाठवायचे कागद मी तपासले, कारखान्यात तपासावेत तसे, एकेक शब्द. शनिवारी कब्बन पार्कातल्या लायब्ररीत जाऊन त्या देशाबद्दल मिळेल ते वाचायची आणि घरी येऊन जमिनीवर कागद पसरून नंदाला समजावायची. हा रस्ता, ही दरी, इथं पहिला मुक्काम. तो देश नवा होता. नुकताच, एक्क्याण्णव साली, युगोस्लाव्हियातून वेगळा झालेला. वेगळं होताना थोडी लढाई झाली, ती काही दिवसांतच मिटली. नंतरची लढाई, टीव्हीवर दाखवत होते ती, बोस्नियात होती. देश वेगळा, सरहद्द वेगळी. नंदाला याची काळजी वाटली तेव्हा मीच तिला हे समजावून सांगितलं होतं. मीच. लक्षात ठेवा.

मग हळूहळू एक गंमत झाली. गंमत कसली — आजार म्हणा. तो देश मला आवडायला लागला. तिथं शेतात गवत वाळवायला उंच लाकडी चौकटी उभ्या करतात, वर छोटंसं छप्पर असतं. एक नदी आहे, तिचं पाणी इतकं हिरवं की फोटो रंगवलाय असं वाटावं. एका तळ्यात बेट आहे, बेटावर चर्च, आणि तिथली घंटा वाजवली की मनातली इच्छा पूर्ण होते म्हणतात. कारखान्यात माप घेता घेता मी त्या हिरव्या नदीच्या काठानं चालायला लागले. डोंगरावरच्या झोपडीत मुक्काम करायला लागले. आखणी माझी, वाटा माझ्या, गावांची नावं मला पाठ. नंदाला तर "त्या हिरव्या नदीच्या पलीकडं" यापुढं काही सांगता यायचं नाही.

आणि जाणार कोण होतं?

एका संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. ती दारात बसून दोराच्या गाठी घालत होती — क्लबच्या गाठी, सोडवायची आणि परत घालायची. सहज म्हणाली, "अक्का, तुला तिकडून काय आणू?"

ती सोलापुरात होती तेव्हा बेंगळुरूहून तिकडं जायच्या आधी दरवेळी मी तिला फोन करून विचारायची ना — शेजारच्या दुकानात फोन लावून, तिला बोलवून घेऊन — "नंदा, तुला इकडून काय आणू?" तेच वाक्य. तसंच, सहज. ती प्रेमानं म्हणाली होती. मला माहीत आहे ती प्रेमानं म्हणाली होती. पण माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडताना दुमडली.

"काही नको," मी म्हटलं. "तू नीट जा आणि नीट ये म्हणजे झालं."

गुढीपाडव्याला मी एकटीच सोलापूरला गेले. नंदाला कारखान्यातून सुट्टी नव्हती. गल्लीत शिरले तर प्रत्येक दारातून एकच प्रश्न. "नंदा कवा निघाली विमानानं?" आप्पांनी सगळ्या कारखान्यात सांगितलं होतं. मालकांनी म्हणे तिच्यासाठी एक चादर वेगळी काढून ठेवली होती, तिकडच्या लोकांना द्यायला. मी बी.एस्सी. झाले तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. चादर कुणी काढून ठेवली नव्हती.

शेजारच्या लक्ष्मीमावशी गाठी घेऊन आल्या. आईच्या मैत्रीण, तोंडाच्या फटकळ. पडवीत बसल्या आणि हसत हसत आप्पांना म्हणाल्या, "काय हो, उलटंच झालं की तुमच्यात. शिकली ती ऱ्हाईली आणि नापास झाली ती निघाली विमानानं!"

आप्पा खो खो हसले. "आमच्या दोन्ही पोरी वाघिणी हैत, लक्ष्मी."

"वाघीण खरी," मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पर एक पिंजऱ्यातली की!"

सगळे हसले. मीही हसले. गाठीतली साखर तोंडात विरघळत होती आणि मला ती थुंकावीशी वाटत होती. तुम्हाला कधी असं झालंय? आपल्याच माणसाच्या आनंदानं तोंड कडू झालंय? झालं असेल तर तुम्ही मला ओळखता. नसेल झालं, तर पुढचं तुम्हाला पटणार नाही.

मावशी गेल्यावर आप्पा उठले. फळीवरून त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. माझा दहावीचा नकाशासंग्रह. मी तो कधीच विसरले होते; त्यांनी चादरीच्या तुकड्यात बांधून देवाच्या फोटोशेजारी ठेवला होता. चष्मा लावला, पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि लहान मुलासारखे मांडी घालून बसले.

"दाव की अक्का. आपली नंदा कुठं चालली ते दाव."

मी युरोपचं पान काढलं. त्यात स्लोव्हेनिया नव्हताच. कसा असेल? ते पुस्तक छापलं तेव्हा तो देशच नव्हता. इटलीच्या उजवीकडं एक लांबट देश होता, सगळा एका पिवळ्या रंगात, आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव होतं.

बोलायला किती लागलं असतं? "आप्पा, हे पुस्तक जुनं आहे. आता याचे तुकडे झालेत. नंदा जातेय तो हा वरचा कोपरा." एवढंच. नखानं एक रेघ ओढून दाखवली असती. चूक दिसली की खूण करायची, माझं रोजचंच काम होतं ते.

मी पिवळ्या रंगाच्या मधोमध बोट ठेवलं. म्हटलं, "हा."

आप्पा वाकले. अक्षरं जुळवायला लागले. "यु — गो — स्ला —" आणि थांबले. हे नाव त्यांच्या कानावरून गेलेलं होतं. लक्ष्मीमावशींच्या टीव्हीवर बातम्यांत रोज यायचं. पडलेली घरं, डोंगर, डोक्याला रुमाल बांधून पळणाऱ्या बायका, कडेवर पोरं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"अक्का, हे तेच का? लढाई चाललीय ते?"

इथं मला थांबावंसं वाटतंय. इतकी वर्षं मी इथंच थांबत आले. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथवर यायची आणि म्हणायची — मी खोटं कुठं बोलले? नकाशात छापलंच होतं तसं. मी फक्त बोट ठेवलं. पण तसं नाही ना. त्यांनी मला विचारलं होतं. नकाशाला नाही, मला.

मी म्हटलं, "होय."

एक शब्द. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी वाचलेलं त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं.

त्यांनी पुस्तक मिटून परत कापडात गुंडाळलं. मग म्हणाले, "आणि तरी पाठवतात पोरींना?"

मी म्हटलं, "नंदाला सांगितलं तर ऐकायची नाही, आप्पा. डोक्यात वारं शिरलंय तिच्या." आणि मग — हे त्या "होय"पेक्षा वाईट आहे — मी म्हटलं, "मी सांगितलं असं मात्र तिला कळू देऊ नका. अक्का जळते, असं म्हणायची."

असं बोलायला माणसाला किती धाडस लागत असेल! खरं होतं तेच खोटं म्हणून आधीच सांगून टाकलं.

आप्पांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू कशाला जळशील? तूच तर तिची आई झालीस."

पाडवा होऊन थोडेच दिवस झाले असतील, आप्पा बेंगळुरूला आले. इतक्या वर्षांत मी कितीदा बोलावलं, पण ते एकदाही आले नव्हते. माग सोडून कसं येऊ म्हणायचे. संध्याकाळी जिना चढून दारात उभे राहिले, हातात पिशवी, कपड्यांवर प्रवासाची धूळ. नंदा नाचायलाच लागली. "आप्पा! बघा की माझा पासपोर्ट!" ते आत येऊन बसले. पाणी प्यायले नाहीत.

"नंदा, जायचं न्हाई," ते म्हणाले.

तिला आधी थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा बघून तिनं विचारलं, "का?"

"तिकडं लढाई चाललीय. मी टीव्हीवर बघितलीय. माझ्या डोळ्यांनी."

"आप्पा, ते वेगळं! तो देश वेगळा आहे. तिथं काही नाही. अहो, अक्कानंच सगळं वाचलंय —" आणि ती माझ्याकडं वळली. "अक्का, तू सांग की यांना! तू सांगितलंस तर ऐकतील."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी कणीक मळत होते. आप्पांच्या नजरेत भीती होती, आपण दिलेला शब्द मोडतोय की काय, माझं नाव बाहेर पडतंय की काय याची. आणि नंदाच्या नजरेत? काही नव्हतं. शंका नव्हती. ती नुसती वाट बघत होती, अक्का आता खरं ते सांगेल म्हणून.

तेव्हाही सांगता आलं असतं. त्या एका वाक्यावर सगळं अडलं होतं आणि ते वाक्य माझ्याकडं होतं.

मी कणकेकडं बघत म्हटलं, "आता तिकडचं काही नक्की सांगता येत नाही, नंदा. परिस्थिती बदलत असते."

परिस्थिती! कॉलेजात शिकलेला शब्द.

नंदा म्हणाली, "पण तूच तर —" आणि तिनं हातातला पासपोर्ट मिटला. कदाचित तिला वाटलं असेल, अक्काला काहीतरी नवीन कळलंय. आप्पांसारखी तीही मला कधी दुसऱ्यांदा विचारत नसे. आप्पा मग हळू आवाजात बोलले, आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता. "एक गेली माझ्या हातची, तुमची आई. आता दुसरी घालवणार न्हाई. तू गेलीस तर मी पाण्याचा थेंब घेणार न्हाई, सांगून ठेवतो."

ती पासपोर्ट घेऊन बाहेर गच्चीवर गेली. मी पोळ्या लाटल्या. आप्पांनी त्या रात्री खाल्लं. नंदानं नाही.

बाकीच्या तिघी गेल्या. उन्हाळ्यात जाऊन शिखरावर पोचल्या आणि परत आल्यावर आमच्याकडं भेटायला आल्या. मी पोहे केले. तिथं पहिल्यांदा शिखरावर जाणाऱ्याला म्हणे दोरानं पाठीवर हलके फटके देतात, तशी रीतच आहे. शोभा उठून तो प्रकार करून दाखवत होती आणि तिघी हसून हसून लोळत होत्या. नंदाही हसत होती. तिनं एकेक विचारलं. दगड कसला होता, कोरडा की ओला? शेवटच्या कड्यावर हाताला काय लागतं? लोखंडी दोर कुठून सुरू होतो? इतकं नेमकं विचारत होती की तिघींना उत्तरं देता येईनात.

आणि मी काय करत होते, माहीत आहे? शोभानं त्या हिरव्या नदीचं नाव चुकीचं सांगितलं, ते मी सुधारलं. मला तेव्हाही, त्या तिघींचासुद्धा, हेवा वाटत होता. नंदा जवळ बसली होती, तिचं सगळं मी काढून घेतलं होतं, आणि तरी माझं पोट भरलं नव्हतं. हेव्याला काय घातलं म्हणजे तो थांबतो? मला अजून कळलेलं नाही.

नंदानं आप्पांशी भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. ती त्यांच्याशी पाहुण्यासारखं वागायला लागली. सणाला सोलापूरला जाणं टाळायची. गेलीच तर "बरं आहे ना?" "औषध घेता ना?" — एवढंच. मोठ्यांदा बोलणारं आमचं घर, त्यात ती हळू आवाजात बोलायला लागली. आप्पांनी ते सगळं सोसलं. टीव्हीवर बघितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं — शेवटपर्यंत हेच सांगत राहिले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

एवढ्यावरही भागलं नाही. आप्पा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होते. नंदा औषध आणायला खाली गेली होती. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज गेला होता, त्या माणसाचा आवाज! म्हणाले, "अक्का, तू वाचून सांगितलंस म्हणून पोरगी वाचली. ती रुसली माझ्यावर, रुसू दे. जिती तर हाय."

त्यांनी माझे उपकार मानले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मरणाऱ्या माणसाला खरं सांगून त्याची शांतता घालवायची नाही, असं मी पुढं स्वतःला समजावलं. पण खरं ते नाही. नंदा जिन्यावर होती. तिची पावलं मला ऐकू येत होती. मला वाटलं, आत्ता बोलले तर तिच्या कानावर जाईल. म्हणून मी आप्पांचा हात दाबला आणि म्हटलं, "होय, आप्पा."

ते गेले तेव्हा नंदा रडली नाही. मी रडले. बायका म्हणाल्या, थोरलीचा जीव जास्त होता बापावर.

नंदाचं पुढं लग्न झालं, येलहंकाला घर झालं. खडक चढणं तिनं सोडलं नाही. लहान मुलांना शिकवायला लागली, आजही शिकवते. तिच्या हाताखालची मुलं कुठं कुठं जाऊन आली. परदेशाचं बोलावणं तिला परत आलं नाही. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, नवा काढून घे. ती म्हणाली, "कशाला?" कधी आप्पांचा विषय निघाला की म्हणते, "त्या टीव्हीनं घाबरवलं गं त्यांना. नाहीतर अडवणारा माणूस नव्हता तो." अजून, इतक्या वर्षांनीही, ती हे जरा रागानंच म्हणते. आणि मी समोर बसून "हं" म्हणते.

मी गरीब घरातली होते, हे कारण नाही. लक्ष्मीमावशी बोलल्या, हेही कारण नाही. त्या सगळ्यांनाच तशा बोलायच्या. पुस्तक जुनं होतं हे तर मला पुस्तक उघडायच्या आधी माहीत होतं. माझ्या बहिणीला माझ्यापेक्षा मोठं काहीतरी मिळत होतं आणि ते तिला मिळू नये असं मला वाटलं.

नंदा स्लोव्हेनियाला गेली नाही. मला तेच हवं होतं, आणि ते मी करून दाखवलं.